मायक्रोफॅट की नॅनोफॅट: चेहऱ्याच्या चरबीरोपणाचा निर्णय घेताना

रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीहून चेहऱ्यावर चरबीरोपण करून घेण्यासाठी मुंबई, पुणे वा कोल्हापूर गाठण्याचा विचार असेल, तर आपल्या चेहऱ्याचा भराव उतरला आहे की नुसती त्वचा पातळ आणि निस्तेज झाली आहे, हे प्रथम ठरवावे. मायक्रोफॅट आणि नॅनोफॅट ही नावे जवळची असली तरी या दोन पद्धतींची कामे वेगळी आहेत.

दोन्हींत पोट किंवा मांडीतून चरबी काढतात. मायक्रोफॅटमध्ये चरबीपेशींचे बारीक कण जिवंत राखून, बोथट टोकाच्या नळीने, गालांत किंवा कानशिलांत थोडे थोडे सोडतात. नवा रक्तपुरवठा मिळेपर्यंत प्रत्येक कण भोवतालच्या ऊतींवर जगतो. एकाच जागी जास्त चरबी भरली, तर मधला भाग मरतो आणि गाठ किंवा तेलाची पुटी होऊ शकते. म्हणूनच अमेरिकी प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीचा भर सावकाश, थराथरांत भरण्यावर आहे. तरीही काही चरबी शरीरात विरतेच, आणि किती विरेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या बैठकीचा खर्च आणि प्रवास आधीच हिशेबात धरावा.

नॅनोफॅटमध्ये तीच चरबी दोन सिरिंजांमधून पुनःपुन्हा फिरवून गाळतात. चरबीपेशी फुटतात, मूलपेशी (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी) उरतात. डोळ्यांखालच्या काळसर त्वचेसाठी व बारीक सुरकुत्यांसाठी ती वापरतात. खोल गेलेले गाल तिने भरत नाहीत, आणि तसे आश्वासन कोणी दिले तर मी तेथून उठून येईन.

मन डळमळत असेल, तर हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर (त्वचेखाली टोचून भरायचे तयार जेल) आधी करून पाहावा, असे माझे मत आहे. तो टिकतो कमी, पण विकराच्या इंजेक्शनाने विरघळवता येतो. चरबीला तसा उतारा नाही. भुवयांच्या मध्ये व नाकाजवळ रक्तवाहिनीत चरबी किंवा फिलर शिरल्यास दृष्टी जाऊ शकते. हा धोका दुर्मीळ असला तरी प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी तपासल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये.

सूज साधारण दोन-तीन आठवडे राहते आणि खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांनी कळतो. गणपतीच्या तोंडावर, घाटात दरडी कोसळण्याच्या दिवसांत शस्त्रक्रिया केली, तर तपासणीला परत जाणेच अवघड होते. दिवाळीनंतर करून घेतल्यास पावसाचा अडथळा राहत नाही आणि शिमग्याला पालखी घरी येईपर्यंत चेहरा बराचसा स्थिरावलेला असतो.