देशांच्या सर्वोच्च शिखरांचा वॉल चार्ट: छपाई झकास, पण नियम तरी एक ठेवा

पोवई नाक्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातनं भाचीसाठी हा चार्ट घेतला, तिची एमपीएससीची तयारी चालूय. लॅमिनेशन जाड, अक्षर ठसठशीत, पलंगावर बसून भिंतीवरचं नीट वाचता येतं. त्यात नाव ठेवायला जागा नाही.

घोळ आहे तो तक्त्यात. स्पेनपुढं कॅनरी बेटांवरचा तैदे, ३,७१५ मीटर. बरोबर आहे, ती बेटं आफ्रिकेजवळ असली तरी स्पेनचाच प्रांत आहेत. पोर्तुगालपुढं त्यांच्याच अझोरेस बेटांवरचा पिको, २,३५१, तेही बरोबर. मग नेदरलँड्सपुढं ३२२ मीटरचा फाल्सरबर्ग का ओ? कॅरिबियनमधलं साबा बेट २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, म्हणजे देशाचाच भाग, आणि तिथला माउंट सीनरी साडेआठशेच्या वर जातो. आणि डेन्मार्कला मात्र थेट ग्रीनलँडचा गुनब्योर्न, ३,६९४! ग्रीनलँडला १९७९ पासून स्वतःचं सरकार आहे, आणि खुद्द डेन्मार्कातलं मोलेहोय जेमतेम १७१ मीटर, म्हणजे आपलं सातारा शहर वसलंय त्याच्या निम्म्यानंपण नाही. निदान दोन्ही आकडे तरी द्यायचे.

ब्रिटनला बेन नेव्हिस (१,३४५) दिलाय, दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरचा माउंट पॅजेट (२,९३५) सोडलाय, हे मला मनापासून पटलं, कारण ते बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे पण ब्रिटनचा भाग नाही. नुसती सत्ता धरायची तर १८८९ ला जर्मन गिर्यारोहक हान्स मेयर तेव्हा जर्मनीच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर चढला आणि शिखराला कैसरचं, म्हणजे जर्मन सम्राटाचं, नाव देऊन मोकळा झाला, मग तो डोंगर जर्मनीचा म्हणायचा का? तिथल्या लोकांना कोणी विचारलं होतं? आपण दीडशे वर्षं हेच भोगलंय, आपल्याला तरी हा फरक कळायला पाहिजे. सिक्कीम नुसतं भारताच्या संरक्षणाखाली होतं तोवर कांचनगंगा आपल्या यादीत धरता येत नव्हती, १९७५ ला राज्य झालं आणि मग ती हक्कानं आली, त्याआधी मान नंदादेवीचा. इतका साधा नियम आहे, जमीन देशाचा भाग असेल तर धरा, नुसती ताब्यात असेल तर खाली टीप द्या.

प्रकाशकांनी पुढच्या छपाईत ‘मुख्य भूमी’ असा वेगळा रकाना टाकावा, जागा भरपूर आहे, उगाच झेंड्यांची चित्रं मोठी केलीत. तोवर घेणाऱ्यांनी नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या ओळी तशाच पाठ करू नका. पाचपैकी तीन स्टार.