एसी कधी थंड, कधी गरम: गॅसवाला, एसीवाला की कंपनी?

गाडीचा एसी पूर्ण बंद पडला तर निर्णय सोपा असतो. खरी पंचाईत होते ती मधूनच दगा देणाऱ्या एसीची. घोडबंदर रोडला घाम काढतो आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की शहाण्यासारखं गार वारं सोडतो. अशा वेळी पर्याय तीन: गॅस भरून देणारा, फक्त गाड्यांच्या एसीचं काम करणारा कारागीर आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

गॅसवाला स्वस्त आणि झटपट, म्हणून बहुतेकांची पहिली धाव तिकडेच. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी कोण गॅस भरतं? गाडीत रबरी पाइप आणि सील असतात, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं. पण एका उन्हाळ्यात भरलेला पुढच्या उन्हाळ्यात नसेल, तर लिकेज आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. त्यात अंदाजपंचे जास्त भरला तर प्रेशर वाढून कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणखी वेळा कट होतो. छोट्या गाडीत जेमतेम अर्धा किलोच्या आसपास गॅस मावतो. कोणता आणि किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. वजनकाट्याशिवाय भरणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

एसीवाल्याचं बलस्थान म्हणजे तो चावी घेऊन तुमच्या शेजारी बसतो. मधूनच येणारा बिघाड रस्त्यावरच पकडावा लागतो. कूलिंग कधी जातं, हे मात्र आपण त्याला नीट सांगायला हवं. पाम बीच रोडवर मस्त थंड आणि माजिवड्याच्या सिग्नलला गरम, तर बहुधा कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस थंड करणारी जाळी) फॅन फिरत नाही किंवा त्या जाळीत धूळ बसली आहे. यात डॅशबोर्डला हात लावायची गरजच नाही.

ठाण्याहून पनवेलला निघालात, तुर्भ्यापर्यंत छान आणि मग डॅशबोर्डच्या जाळीतून येणारा हवेचा झोतच मंदावला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की पाव तासात झोत परत येतो. तेव्हा कॉइलचं तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि केबिन फिल्टर बघायला सांगा. झोत पूर्ण आहे पण हवा कोमट, तर गोष्ट वेगळी: कॉम्प्रेसर मधूनच पुलीपासून सुटतोय, किंवा पाइपात ओल राहिल्याने कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह गोठतोय. ही ओल बऱ्याचदा व्हॅक्युम न मारता (पंपाने पाइपातली हवा आणि ओल न काढता) गॅस भरणाऱ्याचीच देणगी.

कॉम्प्रेसर सुटतोय का, हे डोळ्यांनी दिसतं. बॉनेट उघडा, बेल्टपासून हात लांब ठेवा, कोणाला तरी एसी चालू करायला सांगा. पुलीच्या तोंडावरची क्लचची प्लेट ‘टक्’ करून चिकटते आणि पुलीबरोबर फिरू लागते. प्लेट झिजून फट वाढली की इंजिन थंड असताना चिकटते, पण दुपारच्या ट्रॅफिकमध्ये सगळं तापलं की क्लचच्या चुंबकी कॉइलचा जोर अपुरा पडतो आणि प्लेट सुटते. गाडी थंड झाली की पुन्हा ठणठणीत! ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. अनेक कॉम्प्रेसरमध्ये आतली एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढली की काम भागतं. हेच लक्षण सांगून नवा कॉम्प्रेसर गळ्यात मारणारेही भेटतात. त्याआधी रिले (क्लचला करंट देणारा स्विच) बदलून बघायला काहीच हरकत नाही; फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो बऱ्याचदा.

कंपनीत मात्र गाडी सर्व्हिस बेमध्ये उभी राहते, थोडा वेळ एसी चालतो, आणि जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन आपण बाहेर. दोष सापडलाच तर सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल. तरी दोन ठिकाणी कंपनीच बरी. वॉरंटी चालू असेल तर बाहेर कोणालाही पाइप खोलू देऊ नका. आणि काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो. तिथे प्लेट बघून काही कळत नाही, स्कॅनर लावून प्रेशर सेन्सरचे आकडे वाचावे लागतात. इंजिनाचं तापमान चढलं म्हणून ईसीयूच (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) एसी कापतोय का, हेही तिथेच कळतं.

म्हणून वॉरंटीत असाल तर कंपनीत जा, पण रिकाम्या हाताने नको. डॅशबोर्डच्या जाळीत स्वस्तातला थर्मामीटर खोचा आणि कूलिंग गेल्यावर शेजारच्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. आकडा चढताना दिसला की ‘आढळला नाही’ म्हणणं अवघड जातं. वॉरंटी संपली असेल आणि कॉम्प्रेसर क्लचवाला असेल, तर वागळे इस्टेटमधला असो की तुर्भ्यातला, चांगला एसीवाला गाठा. नायट्रोजनने लिकेज तपासतो का आणि व्हॅक्युम किती वेळ मारतो, एवढं विचारा. अर्धा तास म्हणाला तर ठीक. आणि कॉम्प्रेसर बदलायचंच ठरलं, तर ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदलून घ्या आणि लाइन फ्लश करायला लावा. जुन्याचा धातूचा चुरा आत राहिला तर नवाही फार टिकत नाही.