मूठ आजोबांची, पातं भलतंच

आजोबांची करवत धार लावायला दिली. परत आली ती तिची नुसती मूठ, हे कळायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत धारवाल्याचा नंबर मी आणखी दोघांना दिला होता, तोही कौतुकाने. हे आधीच सांगून टाकतो.

करवत शेफिल्डची, स्पिअर अँड जॅक्सन, २६ इंची. आजोबा गिरगावात सुतारकाम करायचे तेव्हाची. टोकाजवळ पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता. तो नेमका कशासाठी असतो यावर जाणकारांचंही एकमत नाही, पण लहानपणी माझं बोट हमखास तिथेच जायचं. मुठीवर आजोबांनी पंचाने ठोकलेली आद्याक्षरं. पात्यावर गंज चढलेला, दात बोथट, दोन-तीन तुटलेले. मला कानस धरता येते, पण आजोबांच्या हत्यारावर हात साफ करायची हिंमत होईना. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं, ‘जुनी हत्यारं नव्यासारखी करून मिळतील’. सोबत चकचकीत रंधे आणि पटाश्यांचे फोटो.

माणूस बोलायला गोड. मूठ हातात घेऊन म्हणाला, “साहेब, असला माल आता बघायला तरी मिळतो का!” १,२०० रुपये ठरले, ५०० आगाऊ दिले. पावती मीच मागितली नाही. त्याने मात्र एक गोष्ट विचारायला हवी होती, ती विचारली नाही. ही करवत आडवं कापायला वापरता की उभं चिरायला? आडव्या कापासाठी दात तिरपे कानसून सुरीच्या टोकासारखे करावे लागतात, चिरायला सरळ, पटाशीसारखे. ज्याला दात कानसायचेच नाहीत, तो कशाला विचारेल?

तीन आठवडे “कानस यायचीय” ऐकल्यावर करवत वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली. पातं आरशासारखं. मुठीला पॉलिशचा ताजा वास, पितळी बिल्ला लखलखीत, आद्याक्षरं जागच्या जागी. चांगली चार बोटं आखूड वाटली. “टोक गंजून कुजलं होतं, तेवढं कापून टाकलं,” म्हणाला. म्हणजे तो तांदूळही गेला. वाईट वाटलं, पण पटलं. घरी येऊन सागाच्या फळीवर चालवली तर लोण्यात सुरी! उरलेले ७०० रुपये मी तिथल्या तिथे दिलेच होते.

पुढे प्लायवूड कापून कापून धार गेली. म्हटलं, आता आपणच बघू. तीनधारी कानस आणली, पातं दोन फळ्यांमध्ये आवळून शिकंज्यात धरलं आणि पहिल्या दातावर कानस ढकलली. किर्रर्र करून सरकली. दात जसाच्या तसा, कानशीचीच धार मेली. जुन्या करवतीचं पोलाद रॉकवेल मापाने ५०च्या आसपास कडक असतं, त्यामुळे ते कानशीला दाद देतं. हल्लीच्या तयार करवतींचे दात विजेवर तापवून कानशीइतकेच कडक केलेले असतात. बोथट झाल्या की फेकायच्या. आजोबांच्या काळात ही भानगड नव्हती.

ओळखीच्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी पातं उन्हात तिरपं धरलं. दातांमधल्या खाचांत, जिथे बफ (पॉलिशचं चाक) पोचला नव्हता, निळसर काळी झाक होती. विजेवर तापवलेल्या दातांची खूण. मग कॅलिपर लावला. चांगल्या जुन्या करवतीची पाठ दातांपेक्षा पातळ घासलेली असते, म्हणजे लाकडात अडकत नाही. हिची जाडी सगळीकडे सारखी. “मूठ खोल,” काका म्हणाले. स्क्रू काढले. आत ड्रिलने पाडलेली नवी भोकं, त्यांच्या कडांचे खरखरीत कंगोरेदेखील घासलेले नाहीत, आणि शेजारी लाकडाखाली दडलेलं एक जुनं भोक. कुठल्यातरी प्लॅस्टिकच्या मुठीचं. काका काही बोलले नाहीत. स्क्रू वाटीत घालून वाटी माझ्याकडे सरकवली.

फोन केला तर म्हणे, “साहेब, तुमचं पातं कामातून गेलं होतं. मी नवीन टाकलं, उलट तुमचा फायदाच केला.” मग जुनं पातं द्या. “भंगारात गेलं.” दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावायचा म्हटलं तरी सांगणार काय? पावती नाही, देण्याआधीचा एकही फोटो नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर दुरुस्तीला देण्याआधी पात्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासा. दात, खड्डे, कोरलेली अक्षरं सगळ्यांचा छाप उमटतो. त्यावर दुरुस्तीवाल्याची सही घ्या. मूठ काढून भोकांचे फोटो घ्या आणि टाचेजवळ, मुठीआड, एक बारीक खूण करून ठेवा. करवत कानसायचा त्याचा शिकंजा बघायला मागा. आणि ग्राइंडर दिसला तर करवत घेऊन सरळ घरी या. पातं निळं पडेपर्यंत तापलं की तिथलं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो.

मी ज्या दोघांना नंबर दिला होता, त्यांना त्याच रात्री फोन केले. एकाने अजून काही दिलं नव्हतं. दुसऱ्याने वडिलांचा रंधा दिला होता, तो परत आला होता, आणि काम एकदम छान झालंय म्हणाला. पोलाद तेच आहे का बघ म्हटलं, तर बराच वेळ गप्प होता.