गझालाचा पट आणि एक हरवलेली सोंगटी: आठ महिन्यांनंतर

परवा दुकानाचं तिसरं उत्तर आलं, की दोनशे सोंगट्यांत एक कमी असली तर खेळ अडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

गझालाच्या लढाईचा हा पट मी दिवाळीत मागवला. कस्टम ड्युटी धरून साडेसहा हजार पडले. आमच्या घरात खेळावर एवढे पैसे कोणी घालत नाही, त्यामुळे प्रत्येक रुपयाचा हिशेब मला द्यावा लागतो. दुसरं महायुद्ध, मे-जून 1942, लिबिया, जर्मन सेनापती रोमेलचे साधारण 560 रणगाडे, ब्रिटिश सेनापती रिचीचे 850. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पहिले दोन महिने मी इंधनाच्या नियमावर वैतागलो होतो. प्रत्येक डावाला तुकडीगणिक पेट्रोल मोजा, ट्रक कुठल्या वाटेने येणार ते दाखवा. फासे हातात येईपर्यंत चहा दोनदा व्हायचा. तेव्हा लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते.

मग एका रविवारी धाकट्या भावाने रोमेल घेतला. बीर हकीमला, म्हणजे माझ्या फळीच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून तो माझ्या पिछाडीला आला आणि सुरुंगांच्या पट्ट्यापलीकडे त्याचे पॅन्झर, म्हणजे जर्मन रणगाडे, पेट्रोलविना कोरडे पडले. 27 मेनंतर खऱ्या रोमेलचं हेच झालं होतं, पेट्रोल आणि पाणी दोन्हींची टंचाई. मला वाटलं, जिंकलो. पण माझ्या आर्मर्ड ब्रिगेडी मी रिचीसारख्याच सुट्ट्या सुट्ट्या पाठवल्या. तोवर भावाने सिदी मुफ्ताहचं माझ्या 150 ब्रिगेडचं ठाणं चिरडलं, सुरुंगांतून सरळ वाट केली आणि त्याचे ट्रक पोचले. 1 जून 1942 ला ते ठाणं असंच पडलं. इंधनाचा हा नियम काढला तर पटावर रणगाडे उरतील, लढाई नाही. माझं आधीचं मत चुकलं होतं.

ब्रिटिशांकडच्या ग्रँट रणगाड्याचं गणितही चोख आहे. 75 मिलिमीटरची तोफ भारी, पण ती खाली, एका बाजूला बसवलेली. त्यामुळे उंचवट्याआडून नुसतं डोकं काढून मारा करता येत नाही.

आता ती सोंगटी. 11 भारतीय ब्रिगेड यादीत आहे, सोंगट्यांच्या पुठ्ठ्यावर नाही. 29 ब्रिगेड मात्र दोनदा छापली आहे. 20 जूनला तोब्रुक या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बंदरावरचा घाव आग्नेय बाजूला बसला. तिथे हीच 11 ब्रिगेड होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. आधी विमानांचे बॉम्ब, मग पॅन्झर, आणि पहिला तडाखा या पलटणीला. 21 तारखेला तोब्रुक पडलं, सुमारे 33 हजार कैद झाले, त्यांत ही देशावरची, कोकणातली माणसंही. साडेसहा हजार देऊन आणलेल्या पटावर नेमकी त्यांचीच जागा रिकामी, आणि दुकान म्हणतं खेळ अडत नाही. माझा अडतो.

खोक्याच्या झाकणाचा पुठ्ठा कापून मी ती सोंगटी शाईने केली आहे. पाच तारे देणार होतो, तीन देतोय. आज दुकानाला चौथा मेल टाकला.