एकाच कंपनीचं नेटवर्क घ्यायचं की खुल्या मानकांचं? सांध्यासांध्याने केलेली तुलना

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपच्या मालकांनी गेल्या महिन्यात माझ्यासमोर दोन कोटेशनं ठेवली. पहिल्यात राउटर (जाळं बाहेरच्या जगाशी जोडणारा डबा), स्विच (आतली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा), वाय-फाय सगळं सिस्को या एकाच अमेरिकन कंपनीचं. दुसऱ्यात राउटर एका कंपनीचा, स्विच दुसरीचे, वाय-फाय तिसरीचं, आणि रक्कम बरीच कमी. "साहेब, तुम्हीच सांगा, कुठलं घेऊ?"

मी दोन्ही कागद बाजूला सारले आणि कोऱ्या कागदावर त्यांच्या कारखान्याचा नकाशा काढला. दोन शेड, स्टोअर, ऑफिस, गेटवरचा वजनकाटा. मग जिथे जिथे एक यंत्र दुसऱ्याशी बोलतं, तिथे गोल केला. माझ्या मते निर्णय या गोलांचा असतो. डब्यावर कुणाचं नाव आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला हे पटकन कळतं. बारा एमएमचा बोल्ट आणि चार सुताचा नट लांबून जोडीचेच दिसतात. हाताने फिरवला तर दोन आटे बसतातही, मग अडकतो. जोर लावला की आटे जातात. नेटवर्कमध्येही बिघाड असाच होतो: केबल बसते, दिवा हिरवा लागतो, आणि तरीही आतून आटे जुळलेले नसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) म्हणजे काहीतरी खोटं काम, आणि मानक (सगळ्यांसाठी ठरवलेले तेच नियम) म्हणजे समितीने शून्यातून घडवलेली शुद्ध वस्तू, असं घडलेलं नाही. गिऱ्हाइकाची गरज समितीच्या बैठकीपर्यंत थांबत नाही. कंपनी आधी तोडगा काढते, तो बाजारात रुळतो, मग आयईटीएफ किंवा आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थांमध्ये सगळे बसून त्याच्या आसपास मानक बांधतात. सिस्कोच्या टॅग स्विचिंगवरून आणि तशाच इतर प्रयत्नांवरून एमपीएलएस (मोठ्या जाळ्यांत डेटाला चिठ्ठी लावून पुढे पाठवण्याची पद्धत) उभं राहिलं, त्याचा आराखडा २००१ मध्ये आला. सिस्कोचा एल-टू-एफ आणि मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेला पीपीटीपी या दोघांतलं चांगलं घेऊन १९९९ मध्ये एल-टू-टीपी झाला; हे तिन्ही दुसऱ्याच्या जाळ्यातून आपला बोगदा काढण्याचे प्रोटोकॉल. जाळ्यातल्या रहदारीची नोंद ठेवणाऱ्या सिस्कोच्या नेटफ्लोची नववी आवृत्ती आयपीफिक्स या मानकाचा पाया झाली. मानकांच्या घरातली बरीच मुलं अशी कंपनीच्या अंगणात जन्मलेली आहेत.

त्यामुळे मी प्रत्येक प्रोटोकॉलला एकच प्रश्न विचारतो: यात उद्या बदल करायचा झाला तर ठरवणार कोण? उत्तर "फक्त कंपनी" असेल तर तो बंद. कागद छापून जाहीर केलाय पण बदलाची सूत्रं कंपनीकडेच आहेत, तर तो मधला. समिती ठरवणार असेल तर तो खुला. मधल्या पायरीला खुलं समजण्याची चूक फार होते.

आता एकेक गोल घेऊ.

व्हीलॅन म्हणजे एकाच जाळ्याचे पाडलेले वेगवेगळे कप्पे. ते सगळे एका केबलवरून वाहून नेणाऱ्या जोडणीचा, म्हणजे ट्रंकचा, वाद मिटलेला आहे. सिस्कोचा आयएसएल पूर्ण फ्रेमला (डेटाच्या एका पाकिटाला) वेगळं वेष्टण घालायचा, त्यात प्रत्येक फ्रेममागे ३० बाइट वाढायचे. १९९८ च्या ८०२.१क्यूने फ्रेममध्येच ४ बाइटची चिठ्ठी घातली आणि सिस्कोनेही पुढे तीच पद्धत धरली. दोन-तीन केबल एकत्र बांधायच्या असतील तर तिथेही हेच झालं: सिस्कोचा पीएजीपी मागे पडला, समितीचा एलएसीपी सगळीकडे आहे. एलएसीपी लिहा आणि पुढे चला.

केबलच्या पलीकडे शेजारी कोण आहे हे ओळखणारे दोन: सिस्कोचा सीडीपी आणि समितीचा एलएलडीपी. सीडीपी १९९४ पासून आहे आणि कामाला चोख. एलएलडीपी, म्हणजे ८०२.१एबी, २००५ मध्ये आला. दोन्ही जवळपास तेच सांगतात. सीडीपी दर ६० सेकंदांनी बोलतो, एलएलडीपी नेहमीच्या सेटिंगला ३०. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर एलएलडीपी मुळात बंद असतो, तो हाताने चालू करावा लागतो. इंजिनियर ते विसरतो आणि मग "दुसऱ्या कंपनीचा फोन व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठीचा कप्पा) घेत नाही" अशी तक्रार येते. दोन्ही चालू ठेवायला अडचण काही नाही.

गेटवेच्या, म्हणजे जाळ्यातून बाहेर जाण्याच्या दाराच्या, जोडीवर मात्र थांबावं लागेल. दोन राउटर ठेवायचे, एक पडला तर दुसऱ्याने भार घ्यायचा. त्यासाठी सिस्कोचा एचएसआरपी आणि आयईटीएफचा व्हीआरआरपी. दोघांचे कागद १९९८ मध्येच लागोपाठ आले, एक मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये. पण व्हीआरआरपी मानक असूनही सिस्कोने त्यावर पेटंटचा दावा सांगितला होता. ओपनबीएसडी ही खुली संगणक प्रणाली बनवणाऱ्या मंडळींना ते मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी २००३ मध्ये कार्प नावाचा स्वतःचा प्रोटोकॉल लिहिला. त्यांना प्रोटोकॉलसाठी अधिकृत क्रमांक मिळाला नाही, तेव्हा त्यांनी व्हीआरआरपीचाच ११२ वापरला. त्यामुळे आजही एकाच जाळ्यात कार्प आणि व्हीआरआरपी एकाच गट क्रमांकाने चालवले तर ते एकमेकांच्या पायात येतात. मानक म्हटलं की सगळं निर्विघ्न, असं नसतं.

या जोडीचा माझा स्वतःचा अनुभव २०२१ च्या जुलैचा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलेलं, पुण्याकडची वाहतूक बंद. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात वीज गेली आणि परत येताना दाबाने आली. दोनपैकी एक राउटर जळला. काम चालू राहिलं, कारण दुसऱ्याने भार घेतला होता, पण आता तो एकटाच होता आणि पावसात वीज तासातासाला जात होती. त्याच कंपनीचा राउटर पुण्याहून येणार, आणि रस्ता पाण्याखाली. कोल्हापूर शहरात दुकानदाराकडे दुसऱ्या कंपनीचा एक चांगला राउटर पडून होता. त्याला व्हीआरआरपी येत होता. एचएसआरपी येणं शक्यच नव्हतं.

गंमत नव्हे, खेद याचा वाटतो, की जिवंत असलेल्या राउटरलाही व्हीआरआरपी येत होता. पहिल्या दिवशी सवयीने एचएसआरपी टाइप केला होता तो आम्हीच. रात्री अकरानंतर दोन्हीकडे व्हीआरआरपी केला, तोच पत्ता ठेवला. ऑफिसचे संगणक लगेच लागले. वजनकाटा लागेना. कास्टिंग भरलेला ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर केबिनमध्ये, आणि पावती निघत नाही. अर्ध्या तासाने लक्षात आलं. आयपी पत्ता तोच असला तरी व्हीआरआरपीचा आभासी मॅक पत्ता (यंत्राच्या पोर्टची ओळख सांगणारा पत्ता) वेगळा असतो. संगणकांनी नवा पत्ता ऐकला आणि घेतला. काट्याला जोडलेल्या जुन्या कन्व्हर्टरने जुनाच धरून ठेवला होता. त्याची पिन काढून पुन्हा लावली, आणि पावती निघाली. हेच काम पहिल्या दिवशी केलं असतं तर त्या पावसात कुणाला जागावं लागलं नसतं.

दोन्हींत निवड करताना आणखी एक फरक बघा. नेहमीच्या सेटिंगला एचएसआरपीला शेजारी मेला हे कळायला १० सेकंद लागतात, व्हीआरआरपीला साधारण तीन ते चार. पण व्हीआरआरपीत जास्त प्राधान्य दिलेला राउटर परत आला की तो लगेच ताबा मागतो. एचएसआरपीत ते सांगावं लागतं. आपल्याकडे वीज येते-जाते, तेव्हा राउटर पुरता जागा होण्याआधीच ताबा घेऊन बसतो आणि जाळं पुन्हा हलतं. म्हणून व्हीआरआरपी घ्या, आणि ताबा घेण्याआधी थांबण्याचा वेळ त्यात घाला.

स्पॅनिंग ट्री, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहू नये (लूप होऊ नये) म्हणून जादा केबल बंद ठेवून वाटांचं झाड बांधणारी पद्धत, हा बोल्ट-नटचा खरा किस्सा आहे. सिस्कोचे स्विच बहुधा प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड बांधतात. इतरांचे स्विच बहुधा सगळ्यांसाठी मिळून एकच. दोन्ही जोडले तर व्हीलॅन १ वर ते एकमेकांना ओळखतात. बाकी व्हीलॅनचे सिस्कोचे संदेश समोरचा स्विच न वाचता साध्या डेटासारखे पुढे ढकलतो. लूप बहुतेक वेळा होत नाही, पण कुठली केबल कुणी बंद केली याचा हिशेब दोन वह्यांत राहतो, आणि बिघाड झाला की दोन्ही वह्या जुळत नाहीत. पाच-सात व्हीलॅनच्या कारखान्याला सगळीकडे एकच पद्धत पुरते. मिश्र जाळ्यात मी एमएसटी ही स्पॅनिंग ट्रीची पद्धत लावतो, तीही समितीची असून सर्व मोठ्या कंपन्यांकडे असते. अट एकच: प्रत्येक स्विचवर रीजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, आवृत्ती क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी अक्षरशः सारखी हवी. नावात एक अक्षर चुकलं की तो स्विच परका ठरतो.

राउटिंगमध्ये, म्हणजे डेटाने कुठल्या वाटेने जायचं हे ठरवण्यात, सिस्कोचा ईआयजीआरपी आणि आयईटीएफचा ओएसपीएफ. ज्यांची एकच जागा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुम्हाला हाताने लिहिलेल्या दोन-चार वाटा (स्टॅटिक रूट) पुरतात. गावोगावी शाखा असलेल्या पतसंस्थेला किंवा शेतकी केंद्रं असलेल्या साखर कारखान्याला मात्र हा निर्णय दहा वर्षं पुरतो. ईआयजीआरपी चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. पर्यायी वाट तो आधीच काढून ठेवतो, त्यामुळे मुख्य वाट तुटली की लगेच वळतो, आणि मांडणीला ओएसपीएफइतका आराखडा लागत नाही. सिस्कोने २०१३ मध्ये तो खुला करण्याची घोषणा केली, २०१६ मध्ये आरएफसी (आयईटीएफच्या मालिकेतला जाहीर कागद) ७८६८ निघाली. पण ती माहितीपर आरएफसी आहे, आयईटीएफचं मानक नव्हे. मघाची मधली पायरी ती हीच. ओएसपीएफ १९८९ पासून आयईटीएफमध्ये वाढला, आजची दुसरी आवृत्ती १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये आहे. शाखेत उद्या कुठल्याही चांगल्या कंपनीचा राउटर किंवा फायरवॉल बसला तरी त्याला ओएसपीएफ येत असण्याचीच शक्यता जास्त. ईआयजीआरपीबद्दल तसं म्हणता येत नाही. नव्याने सुरुवात असेल तर ओएसपीएफ. आधीपासून सगळ्या शाखांत ईआयजीआरपी नीट चालू असेल, तर केवळ तत्त्वासाठी उखडू नका. पहिली परकी पेटी येईल तेव्हा त्या टोकापासून बदलत या.

केबलमधून वीज देण्याचा गोल कॅमेऱ्यांमुळे सगळ्यांनाच लागतो. सिस्कोने २००० मध्ये फोनसाठी हे सुरू केलं, २००३ मध्ये ८०२.३एएफ आलं. त्यात पोर्टला १५.४ वॅट, २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ३०, आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ९० पर्यंत. मानकातला स्विच वीज सोडण्याआधी पलीकडे वीज घेणारं यंत्र आहे का ते तपासतो. बाजारात २४ व्होल्टची पॅसिव्ह पद्धतही मिळते, ती न विचारता वीज सोडते. चुकीचं यंत्र जोडलं तर ते जळू शकतं. इथे माझं मत ठाम आहे: पॅसिव्ह नको.

एवढं सांगितल्यावर पहिल्या कोटेशनची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. अनेक स्विचची रास बांधून त्यांना एकासारखं चालवण्याची पद्धत, स्टॅकिंग, कंपनीचीच असते, तिला खुला पर्याय नाही. दोन स्विच मिळून एक भासवण्याच्या पद्धतीही बहुतेक कंपनीपुरत्याच. सगळं जाळं एका पडद्यावर दाखवणारे कंट्रोलरही तसेच. आणि बिघाड झाला तर एकच फोन नंबर, "तो डबा आमचा नाही" हे ऐकावं लागत नाही. ज्यांच्याकडे कायम माणूस नाही त्यांच्यासाठी याची किंमत खरी आहे. उलट, खुला सांधाही कंपनी बंद करू शकते: एसएफपी मॉड्यूलचा (स्विचमध्ये केबलसाठी खोचायच्या छोट्या तुकड्याचा) आकार आणि जोडणी सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली आहे, तरी काही स्विच आतला कोड वाचून परकं मॉड्यूल नाकारतात. विकत घेण्याआधी हे विचारा.

त्या मालकांसाठी शेवटी कागदावर असं ठरलं. मधले दोन मुख्य स्विच एकाच कंपनीचे, रास बांधून, आतला प्रोटोकॉल त्यांचा. बाहेर जाणारा प्रत्येक सांधा खुला. पर्चेस ऑर्डरमध्ये नावानिशी लिहिलं: ट्रंकला ८०२.१क्यू, जोडकेबलला एलएसीपी, शेजाऱ्यासाठी एलएलडीपी चालू, गेटवेला व्हीआरआरपी, झाडाला एमएसटी, कॅमेऱ्यांना ८०२.३एएफ किंवा एटी. "सर्व मानकांना सपोर्ट" असं मोघम वाक्य पुरवठादाराने घातलं होतं, ते खोडलं, कारण सपोर्ट असणं आणि चालू करून देणं यांत फरक आहे. रकमेतला शेवटचा हप्ता चाचणीनंतर. चाचणी अशी: भर कामाच्या वेळी मुख्य राउटरची वायर काढायची, गेटवर भरलेला ट्रक काट्यावर उभा करायचा, आणि पावती निघेपर्यंतचे सेकंद मालकांनी स्वतः घड्याळात मोजायचे.