पासपोर्ट गहाण ठेवून स्कूटर घेतली, त्याची गोष्ट

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: थायलंडच्या कोह फांगन बेटावर स्कूटर कुठून घ्यायची? तिघंही आपल्याच भागातले, एक पलूसचा आणि दोघं मिरजेचे. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. त्या बेटावर आमचे नऊ हजार बाट गेले, म्हणजे साधारण तेवीस-चोवीस हजार रुपये. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या सकाळी चौघांनाही जे हतबल वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

आम्ही जुलैत गेलो होतो. मी तासगावचा, बरोबर माझा मावसभाऊ आणि विट्याचे दोन मित्र. मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रीच्या रेल्वेनं सुरत थानी, पुढं बसनं डोनसाकचा धक्का आणि मग अडीच तास बोट. कोह फांगनवर विमानतळ नाही. येणं-जाणं सगळं बोटीच्या वेळेवर. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं आमची मान अडकली ती इथंच.

हॉस्टेल स्वस्त आणि चांगलं होतं. आठ जणांची खोली, दुमजली कॉट, प्रत्येक कॉटला पडदा आणि पायाशी लॉकर. लॉकरचं कुलूप आपलं आपण न्यायचं. दर पौर्णिमेला बेटावर मोठी पार्टी असते, त्या आठवड्यात तिथली बरीच हॉस्टेलं कमीत कमी तीन-चार रात्रींचं बुकिंग घ्यायला लावतात आणि दरही चढे असतात. ती काही फसवणूक नव्हे, आधीच सांगतात. काउंटरवरच्या मुलीनं आमचे पासपोर्ट घेतले, फोटो काढले आणि दोन मिनिटांत परत दिले. थायलंडमध्ये परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती इमिग्रेशनला कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्टचा फोटो पुरतो. म्हणजे मुक्कामासाठीसुद्धा कुणाला पासपोर्ट ठेवून घ्यायची गरज नसते. हे तेव्हा डोळ्यासमोर घडूनही आमच्या डोक्यात शिरलं नाही.

स्कूटर हवी का, असं त्याच मुलीनं विचारलं. तिनं फोन केला आणि पंधरा मिनिटांत एक माणूस दोन स्कूटर घेऊन दारात आला. दिवसाला अडीचशे बाट. अनामत? काही नको म्हणाला, फक्त प्रत्येक गाडीमागं एक पासपोर्ट द्या. विट्याचा एक जण म्हणाला, "आरं, पासपोर्ट कशाला द्यायचा?" त्यावर मीच म्हणालो, इथं सगळे असंच देतात, हॉस्टेलनं बोलावलेला माणूस आहे. माझा आणि मावसभावाचा पासपोर्ट त्यानं रबर लावून पिशवीत टाकला. पिशवीत आधीचे सात-आठ दिसले, निरनिराळ्या रंगांचे. ते बघून उलट मला धीर आला. एवढ्या लोकांनी दिलेत म्हणजे माणूस खात्रीचा असणार.

गाडीभोवती आम्ही एक फेरी मारली. त्यानं इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. तो कागद मी वाचला नाही. व्हिडिओ काढला नाही. मावसभावानं गाड्यांपुढं उभं राहून चौघांचा सेल्फी काढला. त्यात आमचे चेहरे आहेत, गाडीचा एकही पॅनल नीट दिसत नाही.

पौर्णिमेची पार्टी हाद रिनच्या किनाऱ्यावर होते. बेटाच्या आग्नेय टोकाला. थोंग साला या मुख्य गावापासून साधारण दहा किलोमीटर. वाटेतलं बान ताई गाव सोडलं की पुढं रस्ता डोंगरातून चढतो-उतरतो, आणि काही उतार असे आहेत की ब्रेक दाबूनही गाडी ओढत नेते. आम्ही घाटात गाडी चालवणारी माणसं, तरी तिथं रात्री जायचं नाही असं ठरवलं, कारण परतणारे बहुतेक प्यायलेले असतात. तिथं बादलीत दारू मिळते. खरोखरची लहान प्लॅस्टिकची बादली, त्यात दारू, सोडा, एनर्जी ड्रिंक आणि चार-पाच स्ट्रॉ. किती प्यालो याचा पत्ता लागत नाही, आणि बादली खाली ठेवून नाचायला गेलं की त्यात कुणी काय टाकलं हेही कळत नाही. आम्ही पार्टीला सोंगथेवनं गेलो. ही आपल्याकडच्या वडापसारखी गाडी, मागं समोरासमोर दोन बाकडी आणि माणशी भाडं. अख्खी रात्र मजेत गेली, एका पैशाची फसवणूक झाली नाही.

घोळ झाला तो तारखेचा. ती पौर्णिमा आपली गुरुपौर्णिमा होती. थायलंडमध्ये त्याच दिवशी आसान्ह बुचा असते, बुद्धांच्या पहिल्या प्रवचनाचा सण. मोठ्या बौद्ध सणाला पार्टी आली की ती पुढं ढकलतात. तिकीट काढताना आम्ही फक्त कॅलेंडरातली पौर्णिमा बघितली होती. त्यामुळे पार्टीची रात्र आणि परतीची बोट यांत झोपेपुरतेही तास उरले नाहीत. पहाटे पाचला हॉस्टेलवर आलो, साडेनवाची बोट, पुढं रेल्वे आणि दुसऱ्या दिवशी विमान.

आठ वाजता गाड्या द्यायला गेलो. तोच माणूस, पण चेहरा वेगळा. हसला नाही. एक गाडी बघून बाजूला लावली. दुसरीशेजारी गुडघ्यावर बसला, टॉर्च लावला आणि पायदानाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. बोटभर लांबीचा ओरखडा. मग मागच्या पॅनलवर दुसरा. आरशाच्या कडेला तिसरा. गाडी एकदाही पडली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्यानं छापील दरपत्रक काढलं. प्रत्येक पॅनल अख्खा बदलायचा, शिवाय दुरुस्तीच्या दिवसांचं भाडं. एकूण अठरा हजार बाट.

आम्ही चिडलो. तो चिडला नाही. खुर्चीत बसून राहिला. पासपोर्ट इथं नाहीत, घरी आहेत, पैसे दिले की आणतो म्हणाला. आम्ही हॉस्टेलच्या मुलीला बोलावलं, तर ती म्हणाली, हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार. ती त्यात सामील होती की नाही, हे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पावणेनऊ झाले. विट्याचा मित्र म्हणाला, "बोट जाऊ दे लगा, पोलिसात चल." पण बोट गेली म्हणजे रेल्वे गेली, रेल्वे गेली म्हणजे विमान गेलं, आणि चौघांची नवी तिकिटं अठरा हजार बाटांच्या वर जाणार. हा हिशेब त्या माणसाला आमच्या आधी येत होता. आमची बोट किती वाजता आहे, हे त्यानं गाडी देतानाच गप्पांत विचारून घेतलं होतं. शेवटी नऊ हजारांवर तुटलं. पावती मागितली, दिली नाही. पासपोर्ट शेजारच्या खोलीतच होते.

टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155 आहे. इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. हे मला बोटीत बसल्यावर कळलं, भिंतीवरच्या पत्रकावर छापलं होतं. तिथूनच फोन करायला हवा होता, निदान तक्रार तरी झाली असती. मी केला नाही. दमलो होतो आणि लाज वाटत होती. याची खंत मला पैशांपेक्षा जास्त आहे, कारण त्या पिशवीतले बाकीचे पासपोर्ट अजून तिथंच होते.

घरी आल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. आमची द्राक्षबाग आहे. बारा वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्या बागेतले पहिले दोन तोडे रोखीनं नेले, तिसऱ्याला आठवड्याचा वायदा केला आणि गायब झाला. तासगाव भागात असे दुखावलेले शेतकरी गावोगाव भेटतील. आण्णा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "त्याची गाडी तुझ्याकडं होती न्हवं? मग तुझा कागद त्याच्याकडं कशाला?" मी म्हणालो, त्याला खात्री हवी होती. "खात्रीला पैसं ठेवायचं. पैसं बुडलं तर मोजता येत्यात."

पासपोर्ट आपला नसतोच, तो भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. तो अडकला तर दूतावास बँकॉकला, बेटापासून एक रात्रीच्या अंतरावर. स्कूटर घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी सांगलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तोही दुचाकीचा. तो नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करू शकतो. गाडी घेताना मालकाला चौकटीत ठेवून व्हिडिओ काढा, पायदानाच्या खालून, आरशांच्या कडांवरून, ब्रेकच्या दांड्यांवरून. परतीची वेळ कुणाला सांगू नका आणि गाडी आदल्या दिवशी दुपारी परत करा, म्हणजे वाद घालायला अख्खा दिवस हाताशी राहील.

पलूसच्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पण दुकानदार पासपोर्टच मागत असला तर?" तर दुसऱ्या दुकानात जा. थोंग सालाला धक्क्याजवळ बरीच दुकानं आहेत, आणि दोन-तीन हजार बाट रोख अनामत घेऊन गाडी देणारेही असतात. कुणीच तयार झालं नाही, तर सोंगथेवनं फिरा.