झोटेरो : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः स्नॅपशॉटविषयी

१९३० मध्ये सोलापुरात लागू झालेल्या मार्शल लॉवरील (लष्करी कायद्यावरील) एक अतिशय चांगला लेख ज्या स्थानिक संकेतस्थळावर होता, त्याने नव्या मांडणीच्या नादात जुने सगळे दुवे मोडले, चौकशीच्या ई-मेलला साधी पोचही दिली नाही, आणि दहावीच्या मुलांना वाचायला सांगितलेल्या त्या पानाच्या जागी आता ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते. माझ्याकडे तो लेख शाबूत आहे, कारण झोटेरो या संदर्भ जमवून ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करताना त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे छायाचित्रांसकट पूर्ण प्रत, संगणकावर उतरली होती. या एका सोयीपुढे मला त्या सॉफ्टवेअरचे बाकी सगळे गुण दुय्यम वाटतात. बुकमार्क केवळ पत्ता जपतो. घरच पाडले गेले तर पत्त्याचे करायचे काय? गूगलच्या निकालांतून पानाची साठवलेली प्रत उघडण्याची सोय २०२४ मध्ये बंद झाली. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारे वेबॅक मशीन अमूल्य आहे, पण लहान मराठी संकेतस्थळांचे प्रत्येक पान तिथे असेलच याची खात्री नसते.

प्रत हाताशी असण्याचा खरा फायदा मला तुलनेच्या वेळी कळला. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी दिली गेली, हे सर्वत्र सारखेच मिळते. घोळ होतो तो मे १९३० मधल्या घटनाक्रमाचा. शोधाच्या पहिल्या पानावर आलेले बहुतेक लेख मी झोटेरोत शेजारीशेजारी उघडले, तेव्हा त्यांतला एक परिच्छेद शब्दशः तोच होता आणि त्यातल्या एका शब्दाची गळालेली मात्रासुद्धा सगळीकडे गळालेली होती. म्हणजे साक्षीदार एकच, आणि बाकीचे त्याचे नकलाकार. मुले मात्र ‘सगळीकडे हेच लिहिले आहे’ म्हणून निर्धास्त होती. एखाद्या पानाकडे कोणकोणती पाने दुवा देतात यावरून त्याचे वजन ठरवण्याची पेजरँक ही गूगलची कल्पना १९९८ ची; आता त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे, तरी वरचा क्रमांक मिळालेल्या पानातील मजकूर कोणी मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिला असा त्याचा अर्थ तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. निकालांच्या डोक्यावर आता जो तयार सारांश येतो, तोही अशाच पानांतून उचललेला असतो. म्हणून त्याखालचे दुवे उघडल्याशिवाय वहीत एक ओळही उतरवायची नाही, असा नियम मी वर्गात घातला आहे.

टिपणांविषयीचे माझे मत मात्र वापरता वापरता पूर्ण बदलले. प्रत्येक नोंदीला हाताने टिपण जोडणे सुरुवातीला मला निव्वळ वेळखाऊ वाटत असे, कारण पीडीएफमधील मजकूर झोटेरो स्वतःच शोधून देते. पण आपल्याकडच्या जुन्या स्मरणिका आणि अहवाल श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेले असतात. डोळ्यांना सुबक देवनागरी दिसते आणि ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा काला हाती येतो. अशा फाइलीत ‘धनशेट्टी’ हा शब्द शोधला तर झोटेरोला तो सापडणार नाही आणि शोधयंत्रालाही नाही, आणि म्हणूनच सर्वांत मोलाचे साहित्य निकालांत कधी वर येतच नाही. आता मी प्रत्येक नोंदीखाली युनिकोडमध्ये चार ओळी लिहितो : लेखात काय आहे, लेखकाने आधार कोणता दिला आहे, आणि आपण हे का ठेवले. टॅगमध्ये ‘सोलापूर’बरोबर जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतले ‘शोलापूर’ हे वळणही घालतो, कारण त्या काळची कात्रणे त्याच नावाखाली मिळतात.

खटकणारी गोष्ट जागेची आहे, आणि ती मला फार खटकते. नोंदी आणि टिपणे कितीही असली तरी फुकट सिंक होतात, म्हणजे आपल्या दुसऱ्या संगणकावरही आपोआप दिसतात, पण फाइलींसाठी मोफत जागा केवळ ३०० एमबी आहे, आणि स्कॅन केलेली एखादी स्मरणिकाच त्यातला मोठा घास घेते. दोन जीबीसाठी वर्षाला २० डॉलर मोजावे लागतात. तेवढ्या पैशांत हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन मूळ अंकांची पाने वाचणे आणि उतरवून घेणे मला अधिक योग्य वाटते, म्हणून फाइलींचे सिंक मी बंदच ठेवले आहे. घरच्या संगणकावर जागेची अडचण नाही. झोटेरोचे संपूर्ण फोल्डर महिन्याच्या शेवटी, सॉफ्टवेअर बंद करून, बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो. शाळेच्या संगणकावर त्यामुळे नोंद दिसते, टिपण दिसते, पण स्नॅपशॉट उघडत नाही, आणि वर्गात नेमका तोच दाखवायचा असतो. तेव्हा त्या दिवसापुरती लागणारी पाने पेनड्राइव्हवर नेतो. ज्यांचा संग्रह मुख्यतः लेखांचा आणि बातम्यांचा आहे, त्यांना ३०० एमबी बराच काळ पुरतील. स्कॅन केलेले ग्रंथ जमवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी फाइलींचे सिंक बंद करावे.